रोटीचा इतवार

"ताई, मक्याच्या पिठाला पानी लई लागतं का वो?" दुरपाने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आधणाचा अर्धा तांब्या परातीत ओतूनही टाकला.

"ओतून झाल्यावर विचारतेस?"

"इचारलं म्हंजी बरं दिसतं."

ती हसत होती. सकाळपासून तिला हसू आवरत नव्हतं. पोर्ट ब्लेअरच्या बायकांच्या तुरुंगात मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, पण एका सकाळीत एवढी हसलेली बाई मी तिथे पाहिली नव्हती. ती चुलीपुढे बसून पीठ मळत होती. मी शेजारी उभी राहून शंभर बायकांच्या भाताकडे बघत होते, म्हणजे बघत असल्याचं दाखवत होते. मक्याच्या भाकरीच्या कडा चिरतात, थापता थापता तिचा नकाशा होतो. दुरपाने मात्र ती अशी गोल थापली की शंकाच नको. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "त्येंनी नऊ साल भाकर खाल्ली न्हाई म्हनं. नुसता भात आन जाडी रोटी."

अजून लग्न लागायचं होतं, पण तिचं 'त्येंनी' सुरू झालं होतं. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

या गोष्टीला आता अडतीस वर्षं होतील. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, दुरपा सत्ताविसाची. दोघीही जन्मठेपेच्या. ती कऱ्हाडकडच्या माळ्याची लेक. नवऱ्याला तिने पिठल्यातून धोतऱ्याचं बी घातलं होतं. मरावा म्हणून नाही, ती म्हणायची, झोपावा म्हणून. एक दिवस तरी मार चुकावा म्हणून. तो झोपला तो उठलाच नाही. मी सासवडच्या भटजींची मुलगी, दहाव्या वर्षी विधवा झालेली. माझा गुन्हा थोडक्यात सांगते, कारण लांबण लावून तो काही लहान होत नाही. धाकट्या दिराचं मूल माझ्या पोटी आलं, आणि जन्मल्यावर घटकाभरात मी त्याच्या तोंडावर उशी दाबली. मुलगी होती. दीर पुढे कचेरीत नोकरीला लागला म्हणे. माझ्या वडिलांनी माझ्या नावाने घागर फोडली, आंघोळ केली आणि ते मोकळे झाले.

गंमत अशी की सासरी जिची सकाळी सावलीसुद्धा नको असायची, तिला काळ्या पाण्यावर आल्या आल्या स्वयंपाकघर मिळालं. ब्राह्मणीच्या हातचं सगळ्या हिंदू बायकांना चालतं, मग तिने त्या हातांनी काय का केलेलं असेना. तुरुंगात न्हावी नव्हता, त्यामुळे माझे केस वाढले. दहाव्या वर्षापासून डोक्यावर वस्तरा फिरलेला. केस विंचरायचे कसे हेच मला ठाऊक नव्हतं. दुरपा आली आणि तिने पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून गुंता काढला. वर म्हणाली, "ताई, ह्यो गुता न्हाई, ह्ये तर गवताची गंजी हाय."

आम्ही दोघीच मराठी बोलणाऱ्या होतो. बाकीच्या बायका उत्तर हिंदुस्थानच्या, बंगालच्या, मद्रासेकडच्या. सगळ्यांशी तोडकंमोडकं हिंदुस्थानी बोलून दिवस निघत असे. ती यायच्या आधीची तीन वर्षं मी मराठीत फक्त भांड्यांशी बोलले आहे. कुणी ऐकलं असतं तर वेड्यांच्या कोठडीतच नेलं असतं. पुढची सहा वर्षं दुरपा होती. ती दिवसभर मागच्या छपरात कैद्यांचं कापड विणायची आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन बडबडायची. मला दोनदा हिवताप झाला तेव्हा तिनेच उशाशी बसून रात्री काढल्या. माणसाला माणूस लागतं म्हणजे काय, हे मला आईबापांनी नाही, नवऱ्याने नाही, या खुनी बाईने शिकवलं. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला अजाण समजायला नको.

तुरुंगातून जितेपणी लवकर सुटायची एकच वाट होती. पाच वर्षं धड वागलेल्या बाईचं नाव यादीत चढायचं. वर्षातून एकदोनदा अंगणात यादीतल्या बायकांची रांग लावत. ज्या पुरुष कैद्यांना बेटावर जमीन कसून राहायचा परवाना मिळालेला असे, ते साहेबाची चिठ्ठी घेऊन येत आणि रांगेपुढून चालत जात. बाजारात बैल बघावा तसे बघत, खोटं कशाला बोलू? फरक एवढाच की बैलाला नाही म्हणता येत नाही, आम्हाला येत असे. दोघांचं जमलं, दोघं एकाच धर्माचे निघाले, की साहेब बाईचा गुन्हा मोठ्याने वाचून दाखवी, आणि महिन्याभराने लग्न कागदावर लागे. मग बाई बाहेर. चार भिंती नाहीत, पहारा नाही, स्वतःची चूल.

मी त्या रांगेत दोनदा उभी राहिले. पुरुष थांबत, बघत, गुन्हा ऐकत आणि पुढे सरकत. त्यांना पोरं हवी असत. पोटच्या पोरीला मारलेली बाई घरात कोण नेणार? तिसऱ्यांदा मी रांगेत गेलेच नाही, स्वयंपाकघरात भात ढवळत बसले.

दुरपाला पहिल्याच खेपेला माणूस मिळाला. रांगेपुढून एक उंच, वाकलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस चालला होता. त्याला बघून दुरपा स्वतःशीच पुटपुटली, "आगं बया, ह्यो तर निस्ता वासा!" तो माणूस जागीच थबकला. मागे वळून म्हणाला, "कुनीकडची गं तू?" त्याचं नाव सटवाजी. माणदेशातला धनगर. मेंढरं शेतात शिरली म्हणून झालेल्या भांडणात त्याच्या कुऱ्हाडीखाली एक माणूस गेला होता. त्याने नऊ वर्षं मराठी ऐकली नव्हती. साहेबाने दुरपाचा गुन्हा वाचला, नवऱ्यावर विषप्रयोग, तेव्हा तो म्हणाला, "चालंल. मी बी कोन मोठा साव?"

त्या दिवसापासून दुरपाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. खाडीपलीकडे त्याची झोपडी आहे, दोन गाई आहेत, मका आहे, दारात त्याने पपईचं झाड लावलंय. मी हं हं करायची. मनात एकच हिशेब चालू असे, की ही गेली की मी पुन्हा भांड्यांशी बोलणार. आणि माझ्यापुढे अजून किती वर्षं? अकरा? बारा? तिच्याबद्दल आनंद वाटावा म्हणून मी देवापुढे हात जोडत नव्हते असं नाही. जोडत होते. पण वाटत नव्हता.

लग्नाच्या आधीच्या रविवारी बाईने होणाऱ्या नवऱ्यासाठी स्वतःच्या हाताने रोटी भाजून फाटकाशी न्यायची, असा तिथला रिवाज होता. साहेबाचा नव्हे, कैद्यांनी आपसात पाडलेला. त्याला सगळे रोटीचा इतवार म्हणत. फाटक बाहेरच्या अंगणात होतं, तिथे आतल्या बायकांना जायची बंदी. फाटकाशी फक्त तिघी जात: ती बाई, आमच्यावर पहारा ठेवणारी नसीबन जमादारीण आणि ताट धरायला स्वयंपाकीण. म्हणजे मी. नऊ वर्षांत वीसएक ताटं मी नेली होती. ज्या बायका गेल्या त्या सांगायला परत आल्या नाहीत, आणि आत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. काढला तर नसीबन छडी घेऊनच धावायची.

शनिवारी दुपारी दुरपाने मला विचारलं, "ताई, थितं काय करायचं आसतं? माझा जीव उडून गेलाय."

"काही नाही गं. भाकर द्यायची."

"बोलायचं का गप ऱ्हायाचं?"

मी तांदूळ निवडत होते. वर न बघता म्हटलं, "घरी नवऱ्यापुढे जशी वागली असतीस तशीच वाग. डोक्यावर पदर घे आणि मर्यादेने वाग, म्हणजे झालं."

"आसं व्हय? मग ठीक हाय. त्ये मला येतं," ती म्हणाली, आणि समाधानाने निघून गेली.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही फाटकाशी गेलो. सटवाजी गजांपलीकडे उकिडवा बसला होता. अंगात धुतलेली बंडी, डोक्याला बेताचं मुंडासं. नसीबन आपल्या तिपाईवर बसली. मी ताट गजांखालच्या फटीपाशी ठेवलं. भाकर, मीठ, एक हिरवी मिरची. दुरपा पदर कपाळापर्यंत ओढून बाजूला बसली. इतकी नटलेली दिसत होती, आणि अंगावर तेच तुरुंगाचं जाडंभरडं लुगडं.

सटवाजीने भाकरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"झ्याक थापलीया," तो म्हणाला. "तू खा आदी येक घास."

दुरपा तोंडाला पदर लावून हसली. "आवो, आसं कसं?"

"आसंच आसतं हितं. खा."

"तुमी घ्या की. मी मागनं खाईन."

"न्हाई. आदी तू."

"तुमच्या आदी मी कशी खाऊ? बरं दिसंल का त्ये?"

इथे मला सांगितलंच पाहिजे. त्या तुरुंगातल्या निम्म्या बायका नवऱ्याला काहीतरी चारून आलेल्या. एका कैद्याने अशीच बायको नेली होती आणि चौथ्या महिन्यात तो तोंडाला फेस येऊन गेला. तेव्हापासून पुरुषांनी हा रिवाज पाडला: रोटी बाईच्या हातची, पण पहिला घास बाईचा. तिने खाल्ला की लग्न, नाही खाल्ला की नाही. बाहेरच्या कैद्यांना हे सगळं माहीत होतं. नसीबनला माहीत होतं. मला माहीत होतं. वीस वेळा मी ते समोर उभं राहून पाहिलं होतं. पठाणी बायका खाऊन मोकळ्या व्हायच्या, बंगाली बायका लाजत लाजत खायच्या, पण दाराआडून कुणीतरी आधी पढवलेलं असायचं. बहुतेकींना मीच, नसीबनच्या नकळत, पढवलं होतं.

दुरपाला कुणी पढवलं नव्हतं. आणि आपल्याकडे नवऱ्याआधी तोंडात घास घालणारी बाई म्हणजे काय, हे सांगायला नको. त्यातून दुरपाच्या मनात हा संसार पहिल्यासारखा व्हायला नको होता. सगळं रीतीने, मर्यादेने करायचं होतं. तो जितका आग्रह करी तितकी ती जास्त मर्यादेने नाही म्हणे, आणि तिला वाटे, आपण किती चांगलं वागतोय.

सटवाजीचा चेहरा मी उतरताना पाहिला. हसू गेलं, मग रंग गेला. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमी सांगा की हिला. येक घास खा म्हनावं."

तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. खा गं, इथला रिवाज आहे. एवढंच. दुरपाने लगेच खाल्लं असतं. माझा शब्द तिने कधी मोडला नव्हता. तिनेही हसऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू दोघींनी मिळून त्याची चेष्टाच चालवली होती.

मी म्हटलं, "तिची मर्जी."

सटवाजी उठला. गुडघे धरून, सावकाश. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाला आणि उताराने धक्क्याकडे चालायला लागला.

दुरपाला आधी काही कळलंच नाही. "रागावलं का काय?" ती मला विचारत होती. तोवर नसीबनने तिपाई लाथाडली होती. "जहर मिलाया है क्या री? बोल! जहर?" तो शब्द दुरपाला चांगला ठाऊक होता. तिच्यावरच्या खटल्यात तो कितीतरी वेळा उच्चारला गेला होता. तिने ताटाकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, आणि एकदम झडप घालून भाकर उचलली. मोठे मोठे लचके तोडून ती कोरडी भाकर तोंडात कोंबायला लागली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. गजांना धरून ओरडत होती, "बगा! आवो, बगा की हिकडं! खाल्ली! समदी खाल्ली!" नसीबन तिला केसांना धरून मागे ओढत होती. सटवाजी तोवर होडीत बसला होता. समुद्राचा वारा उलटा होता. त्याला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही.

दुरपाला आठ दिवस कोठडीत टाकलं. विषाने काही होतं का बघायला डॉक्टर येऊन गेला. काहीच झालं नाही, व्हायचं नव्हतंच. तरी साहेबाने यादीतून तिचं नाव खोडलं. संशय म्हणजे संशय. तिचं विणकाम काढून घेतलं आणि तिला भिंतीबाहेरच्या उतारावर गवत कापायला लावलं, पहाऱ्यात.

कोठडीतून सुटल्यावर ती माझ्याकडे आली, चुलीपाशी बसली. बराच वेळ राखेत बोट फिरवत होती.

"ताई, तुमाला ठावं व्हतं का वो, आदी खायाचं आसतं म्हून?"

"नाही गं," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. "तुमाला तरी कसं ठावं आसनार? तुमी निस्तं ताट धरनार." आणि मग, जरा वेळाने, "माझीच आक्कल कमी."

मी तिला पोटाशी धरलं. ती रडली, मीही रडले. माझं रडणं खोटं नव्हतं, हे मी कुणाला कसं पटवू? मला हवं होतं ते मिळालं होतं. दुरपा राहिली होती. पुन्हा सुट्टीत येऊन बसायला लागली, माझे केस विंचरायला लागली. फक्त बोलेनाशी झाली. मी मराठी बोलत असे आणि ती ऐकत असे. भांडीही ऐकायचीच.

पाऊस संपल्यावर पुन्हा रांग लागली. बायका कमी पडत होत्या म्हणून नसीबनने मलाही स्वयंपाकघरातून हाताला धरून काढलं. माझ्या हाताला पीठ लागलेलं. सातआठ पुरुष आले, त्यांत सटवाजी होता. तो रांगेपुढून चालत आला आणि माझ्यापुढे थांबला. सहा महिन्यांत आणखी वाकला होता.

"बाई, त्या दिशी ताट तुमी आनलं व्हतं."

"हो."

"तुमी बी मराठीच की. तवा त्या गडबडीत मनावर घेतलं न्हाई." मग खाली बघत म्हणाला, "तुमच्यावर काय?"

"तान्हं मूल."

"कुनाचं?"

"माझंच."

साहेब कागद वाचायला लागला होता, त्याला सटवाजीने हातानेच थांबवलं. म्हणाला, "मला काय आता पोरंबाळं नकोत. वय झालं. दोन शबुद बोलनारं मानूस पायजे, आन डोळं मिटून खाता यील आसा हात पायजे. तुमी येता का?"

देवाने मला दुसऱ्यांदा तोंड उघडायला दिलं होतं. त्या बिचारीने विष घातलं नव्हतं हो. नवऱ्याआधी खायचं नाही म्हणून खाल्लं नाही. तुम्ही गेल्यावर तिने सगळी भाकर खाल्ली, तुम्हाला हाका मारत खाल्ली. तिलाच न्या. हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. तो धनगर माणूस होता, रीत त्याला समजली असती. साहेबाकडे अर्ज केला असता, खटपट केली असती. भिंतीपलीकडून गवत कापल्याचा आवाज येत होता. तीच असणार, दुसरी कोण?

मी फाटकाकडे पाहिलं. पाण्यापलीकडे हिरवं दिसत होतं. नऊ वर्षं झाली, दहावं चालू होतं. ज्या एकटेपणाच्या भीतीने मी दुरपाला अडकवलं, त्यात तिला एकटीला सोडून जायला मला श्वासभर वेळ लागला.

"येते," मी म्हटलं.

दुरपाला कुणीतरी सांगितलं असणार. चार दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. मला वाटलं, कळलं तिला. बरं झालं, कळू दे. पण मनात धास्ती बसली होती, आणि मी तिच्या वाटेला जाणं टाळत होते.

रोटीच्या इतवारी सकाळी मी परातीत पीठ घेतलं. मक्याचं पीठ माझ्या हाताला ऐकत नव्हतं. माझा हात पोळीचा. पोळपाटावर लाटू गेले तर तुकडे पडायला लागले. तिसऱ्यांदा गोळा मोडला तेव्हा दारात सावली पडली.

"सरका," दुरपा म्हणाली.

ती गवत कापून तशीच आली होती. हात कोपरापर्यंत हिरवे, लुगड्याला कुसळं. तिने हात धुतले आणि परातीपुढे बसली. मीठ मागितलं. मी मिठाची वाटी पुढे केली, मग कुणीतरी भात उतू चालला म्हणून ओरडलं आणि मला पाठ फिरवावी लागली. वळले तोवर भाकर तिच्या हातावर होती, गोल.

"ह्येंना कडंला भाजल्याली लागती," ती म्हणाली. "म्हनलं व्हतं मला." तिने भाकर चुलीच्या कडेला उभी धरली आणि शेकता शेकता, माझ्याकडे न बघता सांगायला लागली. "आन ह्ये बगा ताई. त्यो म्हनंल, आदी तू खा. तवा लाजू नगा. मर्यादा बिर्यादा काय न्हाई थितं. चटदिशी येक घास तोडा आन खावा. माझ्यावानी करू नगा."

तिने भाकर ताटात ठेवली, मीठ ठेवलं, मिरची ठेवली. जायला उठली, पुन्हा वळली आणि माझा विस्कटलेला अंबाडा दोन्ही हातांनी नीट केला. मग गेली.

फाटकाशी सटवाजी तसाच उकिडवा बसला होता. नसीबन तिपाईवर. मी ताट ठेवलं आणि समोर बसले.

"आदी तुमी," तो म्हणाला. अगदी हळू. घाबरला होता.

मी भाकरीला हात घातला आणि हात तिथेच राहिला. भिंतीबाहेरच्या त्या उतारावर धोतरा माजलेला होता. पांढरी फुलं, काटेरी बोंडं, मी ताटं नेता-आणताना कितीदा पाहिली होती. दुरपा सहा महिने त्यातच गवत कापत होती. आजही तिथूनच आली होती. आणि मी पाठ फिरवली होती. तिला सगळं कळलंय, माझ्या मनाने सांगितलं. पहिला घास माझा आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तिने एवढं बजावून सांगितलं, चटदिशी खावा.

तिच्या जागी मी असते तर मी घातलं असतं. हेही तेव्हाच कळलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाई?" सटवाजी म्हणाला. तो गुडघ्यावर हात ठेवून उठण्याच्या बेतात होता. नसीबन पुढे झुकली.

मी घास तोडला आणि तोंडात घातला. चावत राहिले. कडू लागेल म्हणून जीभ वाट बघत होती. गिळला. दुसरा घास तोडला, तोही गिळला. भाकर कडेला खरपूस भाजली होती. मीठ बेताचं होतं. तिच्यात दुसरं काहीही नव्हतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. सटवाजी हसला. नऊ वर्षांनी, नव्हे, आता दहा वर्षांनी, त्याने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, डोळे मिटले आणि खाल्ला. मग दुसरा. सगळी भाकर त्याने संपवली.

"तुमच्या हाताला चव हाय," तो शेवटी म्हणाला.

मी मान डोलावली आणि ताट उचललं.